छातीची काच

कुमुदताई बैरागी माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं, आणि टेबलावर ऑईल सांडलेलं म्हणून त्या ते खाली ठेवायला तयार नव्हत्या. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी दोन लेथ मशीनं आहेत. लोक बुश, शाफ्ट, पंपाचे तुटके भाग घेऊन येतात. सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट अशी साठीतली बाई कधी आली नव्हती. मी टेबल पुसलं, वर्तमानपत्र अंथरलं, मग त्यांनी टॉवेल उघडला. आत माझ्या मुठीहून मोठी काच होती, काळ्या नळीत बसवलेली.

"कशाची आहे?"

"छातीची."

मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की त्या एका दवाखान्यात तीस वर्षं एक्सरे काढायच्या. जुन्या मशीनमध्ये एक पडदा असे, त्यावर माणसाची छाती उजळे, आणि ही लेन्स त्या पडद्याचा छोटासा फोटो घेई. टीबीच्या तपासणीची गाडी गावोगाव फिरायची त्या काळातली गोष्ट. मशीन भंगारात निघालं तेव्हा ताईंनी ही लेन्स मागून घेतली होती.

"सुरगाण्यापासून निफाडपर्यंतच्या छात्या बघितल्यात हिनं," त्या म्हणाल्या. "चेहरा मात्र एकही नाही. आता मला हिला चेहरे दाखवायचेत."

मग पर्समधून त्यांनी कॅमेरा काढला. नवा, चपटा, मिररलेस. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असायचा, या कॅमेऱ्यात तो नसतो, त्यामुळे मागे मोकळी जागा उरते. त्या जागेत बरोबर मापाची रिंग बसवली की कुठल्याही कंपनीची, कुठल्याही काळातली लेन्स चालते, हे सगळं मला त्या दिवशी समजलं. बाकीच्या लेन्सच्या रिंगा बाजारात मिळतात. हिची कुणीच बनवत नव्हतं, कारण ही मुळात कॅमेऱ्याची नव्हतीच. हिची मागची काच आतल्या शटरपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर राहणार होती. माझा हात जरा चुकला तर कॅमेरा गेला.

तीन दिवस त्या माझ्याशेजारी स्टुलावर बसून होत्या. मी माप घ्यायला व्हर्नियर लावला की त्या वाकून आकडा वाचायच्या. पहिली रिंग मी फेकली, दुसरी त्यांनी फेकली. तिसरी बसली. बसताना जो बारीक टक असा आवाज झाला त्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "विलास, तुझा फोटो पहिला."

तोवर मी 'तुम्ही' होतो.

त्यांच्या जेलरोडच्या घरी तो फोटो काढला. पुढच्या खोलीत एक लाकडी खुर्ची, समोर तिवईवर कॅमेरा. त्यांनी लेन्स मागेपुढे सरकवून माझा डोळा धरला. त्या लेन्सला लांबचं काही दिसत नसे. चार फुटांवरची, कागदाच्या जाडीएवढीच पट्टी तिला स्पष्ट दिसे. पुढचं धुकं, मागचं धुकं. माणसानं श्वास घेतला तरी डोळा पट्टीतून बाहेर जाई. म्हणून त्यांनी बटणाला लांब वायर जोडली होती. आणि मग त्या एक गोष्ट करायच्या, जी त्यांना न ओळखणाऱ्या माणसाला विचित्र वाटे. त्या उठून शेजारच्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या.

खोलीत मी आणि ती काच, एवढेच उरलो. दाराआडून आवाज आला, "श्वास घ्या. धरून ठेवा."

मी धरला. क्लिक झाल्यावर बराच वेळ काही नाही. मग, "सोडा."

"दाराआड का जाता हो ताई?" मी नंतर विचारलं. त्या दचकल्या. आपण तसं करतो हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. तीस वर्षं बटण दाबताना त्या शिशाच्या पडद्यामागे उभ्या राहिल्या होत्या. पाय आपोआप गेले.

अशा त्यांच्या बऱ्याच सवयी होत्या. बोलताना डाव्या खांद्याच्या खाली, जिथं किरणं मोजायचा बिल्ला लावलेला असे, तिथं बोट जाई. कशाबद्दलही विचारलं, आज पाऊस येईल का, बस कितीला आहे, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "रिपोर्ट डॉक्टर सांगतील." हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना इतकी वर्षं ऐकवलं होतं, की आता ते त्यांचं 'मला काय माहीत' झालं होतं. एक्सरेची फिल्म धुऊन निघाली की फोटोत काय आहे ते सगळ्यात आधी त्यांना कळे. पण सांगायचा अधिकार नव्हता. बाहेर बाकावर बसलेला माणूस त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असे, म्हणून त्यांनी चेहरा असा करून घेतला होता की त्यावर काहीच वाचता येऊ नये. हसतानासुद्धा तो चेहरा अर्धाच हसे.

घरात एका कपाटात पंधरा-सोळा लेन्स होत्या. रशियन, जपानी, जर्मन. प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर लेन्सचं नाव नाही, ती ज्याची होती त्याचं नाव. 'सुभेदार, देवळाली कॅम्प.' 'कळवणचे मास्तर.' बहुतेक माणसं गेलेली. मुलं माळा आवरताना वडिलांचा कॅमेरा सापडला की तो ताईंकडे आणून देत. ताई ती लेन्स हातात घेऊन तिचं अंतर जुळवायचं कडं हळूहळू फिरवायच्या. एका जागी ते वापरून झिजलेलं, सैल लागे. "हा माणूस नेहमी सहा फुटांवरून फोटो काढायचा," त्या सांगायच्या. "कुणाच्याही जवळ गेला नाही." कॅम्पातल्या सुभेदारांची मुलगी हे ऐकून खुर्चीतून उठली आणि निघून गेली. लेन्स घ्यायला परत आली नाही.

त्या कपाटात एक लेन्स वेगळी, शिशाचा पत्रा लावलेल्या डब्यात ठेवलेली असे. तिची काच चहासारखी पिवळी होती. जुन्या काळी काही काचांमध्ये थोरियम घालत, त्यातून थोडीथोडी किरणं कायम निघत राहतात, हे ताईंना त्यांच्या धंद्यामुळे ठाऊक होतं. एकदा दुपारी मी गेलो तर त्यांनी मला न्हाणीघरात नेलं. खिडकीला काळा कागद, वर लाल दिवा.

"पंधरा दिवसांपूर्वी मी एक्सरेची फिल्म या डब्यात ठेवली," त्या म्हणाल्या. "फिल्मवर कपाटाची किल्ली, किल्लीवर ती लेन्स. झाकण लावलं. आज उघडतेय."

फिल्म औषधाच्या पाण्यात हलवता हलवता तिच्यावर काळं वर्तुळ उमटलं. वर्तुळाच्या मधोमध पांढरी किल्ली, दात्यांसकट.

मी विचारलं, "म्हणजे हा फोटो काढला कुणी?"

"कुणी नाही." त्यांनी फिल्म लाल दिव्यासमोर धरली. "कॅमेरा नाही, उजेड नाही, बघणारं कुणी नाही. तरी ती बघतच होती."

ती किल्ली अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

येवल्याला मी त्यांच्याबरोबर गेलो ते रिंगेत एक पातळ पत्रा बसवायचा होता म्हणून. तिथल्या सकीनाबींचा थोरला मुलगा लग्नाचे फोटो काढायचा. मोटरसायकलवरून पडून तो गेला. त्याचा कॅमेरा चेंदामेंदा झाला होता, लेन्स मात्र वरून धड दिसत होती. तिच्यातून धाकट्याचा एक फोटो काढून द्या, एवढंच त्या माउलीचं म्हणणं होतं. धाकटा मागावर बसला होता. मोरपंखी पैठणी अर्धी विणून झालेली. ताईंनी लेन्स बसवली, मागावरचा त्याचा चेहरा स्पष्ट करून घेतला, फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो दिसला आणि आम्ही तिघंही पडद्यावर वाकलो.

धाकट्याच्या शेजारी, त्याच्या खांद्याला खांदा लावून, अजून कुणीतरी बसलं होतं. फिकट, धुरासारखं, पण मान तशीच खाली वाकलेली.

सकीनाबींनी पडद्याला बोट लावलं. "आला," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा आला बघा."

ताईंनी श्वास सोडला. मला वाटलं त्या काही बोलणार नाहीत. पण त्या खाली बसल्या, सकीनाबींचा हात हातात घेतला आणि नीट समजावून सांगितलं. लेन्समध्ये दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, पडल्यामुळे त्या सरकल्या, म्हणून एका माणसाचे दोन दिसतात. हा धाकटाच आहे, दोनदा. "लेन्स माझ्याकडे द्या, मी या काचा जागेवर बसवून आणते."

सकीनाबींनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मग लेन्स ओढणीत गुंडाळून छातीशी धरली. "नको बाई. नीट केलीस तर तो जाईल ना."

परतीच्या एसटीत ताई निफाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं काचेत जे दिसलं ते गिळलं. आज पहिल्यांदा तोंडानं सांगितलं, तर ऐकणारीला ते नको होतं." तेवढंच.

त्यानंतर निकमांचं झालं. ते ताईंच्या शेजारी राहत. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. "आमचा पण काढा की हो एक्सरे," असं कुंपणावरून रोज ओरडायचे. एका रविवारी ताईंनी बोलावलंच. मीही होतो. निकम इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले, वरची दोन बटणं उघडी. त्यांच्या बायको, शैलाताई, दारात उभ्या राहून त्यांना केस सारखे करायला सांगत होत्या. ताई दाराआड गेल्या. श्वास घ्या, धरा, क्लिक, सोडा.

ताई आल्या, पडद्यावर वाकल्या, फोटो मोठा करून बघितला. पुन्हा दाराआड गेल्या. तीन वेळा असं झालं.

"कसा आलाय?" निकमांनी विचारलं.

"हललात तुम्ही. नीट नाही आला. पुन्हा कधीतरी काढू."

निकम हसत गेले. मी ताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्यावर काही नव्हतं. तो पुसलेला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही रे. चहा घेणार?"

पाच महिन्यांनी निकम गेले. पोटातला कॅन्सर होता, पसरून गळ्याच्या हाडापाशी गाठ आलेली. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर काही करता आलं असतं, नसतंही.

तेरावं झाल्यावर शैलाताई ताईंकडे आल्या. योगायोगानं मी नवी रिंग द्यायला गेलो होतो. उठायला लागलो तर शैलाताई म्हणाल्या, "बसा. तुम्हीही होता त्या दिवशी." मग ताईंकडे वळून, "तो फोटो आहे का?"

ताईंनी छापलेला फोटो कपाटातून आणून दिला. म्हणजे त्यांनी तो छापून ठेवला होता. फोटोत निकम श्वास धरून समोर बघत होते. नेहमी बडबडणारा माणूस एवढा गप्प मी कधी पाहिला नव्हता. डोळे धूसर होते. स्पष्ट होता तो फक्त गळ्याखालचा भाग: गळ्याच्या डाव्या हाडाच्या वर जो खळगा असतो, तो बुजलेला होता, आत बोर ठेवावं तसा. ताईंनी डोळ्यावरून काच सरकवून मुद्दाम तिथं आणली होती. तीन फोटो त्यासाठी काढले होते.

"तुम्हाला दिसलं होतं," शैलाताई म्हणाल्या.

"हो."

"खात्री होती?"

"खात्री नव्हती. शंका होती. मोठी शंका."

"मग बोलला का नाहीत?"

ताईंचं बोट बिल्ल्याच्या जागी गेलं. त्या म्हणाल्या, "सवय."

मला वाटलं शैलाताई आता ओरडतील, रडतील, हातातला फोटो फाडतील. त्यांनी फोटो पदराखाली घेतला आणि त्या जाऊन खुर्चीत बसल्या. निकम बसले होते त्याच. ब्लाउजचा गळा जरा खाली ओढला.

"आता माझा काढा. आणि जे दिसेल ते सांगा."

ताईंनी लेन्स मला सरकवायला सांगितली. या वेळी त्या दाराआड गेल्या नाहीत. कॅमेऱ्याशेजारीच उभ्या राहिल्या. फोटो मोठा करून इकडून तिकडे, पुन्हा इकडून तिकडे बघितला.

"काही नाही."

"खरं?"

"खरंच काही नाही, शैला."

शैलाताई उठल्या. "मी आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?" एवढं म्हणून गेल्या.

पुढच्या महिन्यात त्या परत आल्या. खुर्चीत बसल्या, "बघा," म्हणाल्या. ताईंनी बघितलं. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. ही गोष्ट गल्लीत पसरली तसं लोकांचं ताईंच्या घराकडे बघणं बदललं. काही बाया पोरांना घेऊन त्यांच्या फाटकासमोरून जाताना पलीकडच्या बाजूनं जायला लागल्या. एक म्हातारे गृहस्थ मात्र मुद्दाम आले, शर्ट काढून बसले आणि म्हणाले, "किती दिवस?" ताईंनी त्यांना हाकलून लावलं. "ही काच आहे! हिला काही कळत नाही!" त्या ओरडल्या. त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं. मग हळू आवाजात, मला, "मला कळतं ते. तेच वाईट आहे."

दोन वर्षं शैलाताई दर महिन्याला आल्या. एकदा मी ते सगळे फोटो लॅपटॉपवर एकामागून एक बघितले. तीच खुर्ची, तोच ओढलेला गळा, हळूहळू पांढरे होत गेलेले केस, आणि डोळे थेट काचेत. केव्हातरी त्या फोटोनंतर चहाला थांबायला लागल्या. मग स्वयंपाकाला. मग कुंपणात एक छोटं फाटक झालं. भांडण मिटलं असं कुणी कुणाला म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

आणि मग ताईंचेच डोळे गेले. एकदम नाही. मधोमध डाग पडत गेला. "समोर बघितलं की माणसाचं तोंड जातं," त्या मला म्हणाल्या. "कान दिसतात, केस दिसतात. मधे कुणी नाही." डॉक्टरांनी वयामुळे म्हणून सांगितलं. गल्लीचं म्हणणं वेगळं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी भर दुपारी त्यांच्याकडे गेलो. ओट्याकडच्या खिडकीत तिवई, तिवईवर कॅमेरा, त्याला ती लेन्स. कॅमेऱ्याची वायर आत एका मोठ्या टीव्हीला जोडलेली होती, आणि टीव्हीच्या अगदी जवळ, नाक टेकेल इतक्या जवळ, ताई बसल्या होत्या. मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. शैलाताई आतून आल्या.

"तिसऱ्या फरशीवर उभे राहा," त्या मला म्हणाल्या. "तिथंच दिसतं."

मी ओट्यावरच्या तिसऱ्या फरशीवर उभा राहिलो. खिडकीतून मला टीव्हीचा पडदा दिसत होता. या कॅमेऱ्यात अशी सोय असते, की जे स्पष्ट येतं त्याच्या कडा लाल रेघांनी उजळतात. करड्या धुक्यात आधी एक लाल भुवई उमटली. मग पापणी. नाकाची कड. शर्टाचं एक बटण. लाल रेघांचा माणूस तयार झाला, आणि तो मी होतो.

"अरे, विलास!" ताई टीव्हीला म्हणाल्या. "बारीक झालास रे."

आम्ही बोललो. मी फरशीवर, त्या पडद्याशी. माझ्या वर्कशॉपचं विचारलं, मुलीच्या बारावीचं विचारलं. मधेच मी हसलो आणि जरा हललो, तर रेघा विझल्या. "हलू नकोस," त्या म्हणाल्या. "गेलास की."

निघताना मी वाकून नमस्कार केला तो त्यांना दिसला नसावा. ओट्यावरून उतरून अंगणात आलो. चप्पल घालताना मागे वळून बघितलं. ताई पडद्यापाशी तशाच होत्या. पडद्यावर नुसतं करडं धुकं. आमच्यात दहा फूटही अंतर नव्हतं, आणि डोक्यावर लख्ख ऊन होतं.

"गेला का तो?" ताईंनी विचारलं.

खिडकीत उभ्या असलेल्या शैलाताईंनी सरळ माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत बघितलं. त्यांचा चेहरा निकमांच्या फोटोच्या दिवशी ताईंचा होता तसा, पुसलेला होता.

"हो," त्या म्हणाल्या. "गेला."

मी तोंड उघडलं, पण आवाज दिला नाही. फाटकाचा आवाज होऊ न देता बाहेर आलो.